कोपऱ्यातली सही

४ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

काल घटस्थापना होती आणि संध्याकाळी दिल्लीहून बातमी आली, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जोडीला पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीलाही. आज सकाळी नारायण पेठेत खोली उघडायला आले तर चौकात फ्लेक्स लागलेलासुद्धा. सात हसरे चेहरे, हात जोडलेले, आणि मधोमध ‘आपली मराठी अभिजात झाली!’ लोकांची कामं एका रात्रीत होतात. माझं एका मुखपृष्ठाचं बिल मार्चपासून ‘अकाउंट्सकडे दिलंय’.

थांबून नीट पाहिलं. दोन्ही ‘ल’ हिंदी वळणाचे, उजवीकडे उभा दंड असलेले. आपला ल दोन पाकळ्यांचा. राज्य सरकारने २००९ साली वर्णमालेचा जो निर्णय काढला, त्यात ‘पाकळीयुक्त ल’ आणि ‘देठयुक्त श’ वापरावेत असं चक्क लिहिलेलं आहे. पण फ्लेक्स छापणाऱ्या पोराच्या संगणकात जो टंक असेल तोच येणार, त्याचा काय दोष? मराठी अभिजात झाली ती नेमकी कुठल्या ‘ल’ने, असं विचारावंसं वाटलं. सातांपैकी कुणी उत्तर द्यायला खाली उतरलं नसतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

पाटीवर सरस्वती काढली. पुढे कुंचले, बोरू, कट निबा आणि अण्णांची सूत मारायची दोरी मांडली. अजूनही तिला निळीचा वास येतो, की मलाच तसं वाटतं कोण जाणे.

सांगलीत अण्णा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, गणेश मंडळांचे पडदे, आणि निवडणूक आली की भिंती. आधी चुना मारून भिंत पांढरी करायची, ती वाळली की दोघांनी दोरी ताणून सूत मारायचं. भिंतीवर निळी रेघ उमटायची आणि त्या रेघेवर अक्षरं बसायची. दोरीचं एक टोक धरायला मी असायचे.

आजच्या दिवशी घरमालकांनी नोटीस हातात दिली. सोनं द्यायला आले आणि पानाबरोबर कागदही दिला. वाडा पाडून इमारत होणार आहे. पागडीवाल्यांना नव्या इमारतीत जागा मिळेल. माझ्यासारख्या अकरा महिन्यांच्या करारवाल्यांनी ३१ डिसेंबरपर्यंत खोली रिकामी करायची. तेवीस वर्षांत अकरा-अकरा महिन्यांचे किती करार झाले, ते मोजायला बसले आणि सोडून दिलं.

खोलीवरची पाटी अण्णांनी रंगवली, २००१ साली, मी नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केलं तेव्हा. साडेआठ फूट लांब, सागवानी चौकटीत प्लायवूड. त्यावर ‘सुलेखन, बोधचित्रे, मुखपृष्ठे’. पहिले दोन शब्द ऐसपैस आहेत, तिसरा मात्र दाटीवाटीने उभा. मोतीबिंदू झाला होता, हात थरथरत होता, आणि सूत न मारता नुसत्या अंदाजाने काढायची हौस. ‘मुखपृष्ठे’तला शेवटचा ‘ठे’ चौकटीला जवळजवळ टेकलाय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या बिनचूक रंगवणारा माणूस मुलीच्या पाटीवर चुकला. तरी उजव्या कोपऱ्यात खाली नेहमीसारखी सही आहेच: ‘अण्णा पेंटर, सांगली’.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी निवडणूक जाहीर झाली. २० नोव्हेंबरला मतदान, २३ला निकाल. आचारसंहिता लागली आणि संध्याकाळपर्यंत महापालिकेची गाडी चौकात हजर. अभिजात मराठी गुंडाळून टेम्पोत टाकली.

रात्री एका जाहिरात संस्थेतून फोन. एका पक्षाच्या तीन घोषणा कुंचल्याने लिहून हव्या आहेत, “ताई, रॉ वाटल्या पाहिजेत, भिंतीवर लिहिल्यासारख्या.” साठ हजार, निम्मे आगाऊ, आठवड्यात काम. अट एकच, हे काम मी केलंय असं कुठे सांगायचं नाही, नमुन्यांत दाखवायचं नाही. गोपनीयतेच्या करारावर सही.

गंमत वाटली. भिंतीवर लिहिणारी माणसं कधीच घरी बसली. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा राज्यात १९९५ साली आला, त्याच्या आगेमागे निवडणूक आयोगाने भिंती रंगवण्याला चाप लावला, आणि पाचदहा वर्षांत फ्लेक्सने उरलंसुरलं काम खाल्लं. आता त्या भिंतीची नक्कल करायला साठ हजार.

कळवते म्हणाले.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

दहा वर्षं एक नियम पाळला, राजकीय काम घ्यायचं नाही. कुणी विचारलं की ठसक्यात सांगायचे. आज वहीत हिशोब मांडला. नवी जागा भाड्याने घ्यायची तर अनामत लाखभर. ते जमणार नाही, म्हणून घरच्या गॅलरीला खिडक्या बसवून तिथेच काम करायचं, तरी पंचेचाळीस हजार. येणी बरीच आहेत, पण येण्यांवर सुतार काम करत नाही.

मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, “ताई, लाडक्या बहिणीचे साडेसात हजार झाले माझे. जुलैपासनं पाच महिन्यांचे.” त्यांनी मुलीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता भरला. खातं पहिल्यांदाच स्वतःच्या एकटीच्या नावावर आहे. नवऱ्याला कार्ड कुठे ठेवलंय ते माहीत नाही, हे सांगताना नळ मोठा सोडला, ऐकू जाऊ नये म्हणून. घरात आम्ही दोघीच होतो.

“तुम्ही फॉर्म न्हाई भरला?”

“मावशी, वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न लागतं.”

“मग तुम्ही लाडक्या न्हाई,” आणि हसल्या.

गेल्या वर्षी माझं उत्पन्न त्या रेषेच्या जेमतेम वर होतं, हे त्यांना सांगितलं नाही. आणि हेही नाही, की गेले दोन महिने मी या योजनेवर मित्रमैत्रिणींशी तावातावाने वाद घालतेय. तिजोरी, कर्ज, मतांची खरेदी, सगळे मुद्दे माझ्याकडे तयार असतात. त्यात ठरलेली रक्कम न मागता खात्यात येणं ही काय चीज आहे, हा मुद्दा कधी आला नव्हता. तेवीस वर्षांत एकदाही मला तसे पैसे आलेले नाहीत, म्हणून तो सुचायला हवा होता.

रात्री त्या संस्थेला ‘हो’ कळवलं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

तीन घोषणा दिल्या. पहिली एकोणीस वेळा लिहिली. जाड कुंचला, अर्धवट कोरडा. शिरोरेषा एका दमात ओढली की शेवटी केस फाकतात आणि रेघ फाटते, ती फाट नेमकी शेवटच्या अक्षरावर यायला हवी होती. एकोणिसाव्यांदा आली. इतकं चांगलं काम या वर्षात हातून झालं नव्हतं. मजकूर न वाचता नुसती अक्षरं बघत बसले. अण्णा पाटी उलटी धरून बघायचे, तसं.

दुसरं काम याच्या उलट. बालकथांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. प्रकाशकांनी चित्र स्वतःच ‘एआय’कडून काढून घेतलंय. चिंचेचं झाड, ओढा, मुलगी, सगळं गुळगुळीत. वर पुस्तकाचं नाव असावं तशी एक ओळ. शिरोरेषा आहे, काने आहेत, वर मात्रांचा आणि खाली उकारांचा शिडकावा आहे, पण वाचायला गेलं तर एकही अक्षर नाही. लांबून मराठी, जवळून काहीच नाही. “तेवढी अक्षरं नीट करून द्या, ताई. चित्र झालेलंच आहे, म्हणून मानधन त्या हिशोबाने.” म्हणजे चौथाई.

केलं. नाव लिहिताना चिंचेच्या शेंगेचं वळण ‘च’ला दिलं. त्या चित्रात हाताने केलेलं तेवढंच आहे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन कालचं की आजचं यावर यंदा पंचांगं आणि शेजारपाजार दोन्ही दुभंगले. आम्ही आज केलं. आईने पूजेत वह्या, नाणी आणि तिच्या मशीनची चावी ठेवली. मशीनच्या खणाला कुलूप असतं, आत काय असतं ते मला पन्नाशी जवळ आली तरी माहीत नाही.

दोन दिवाळी अंक आले, माझी रेखाचित्रं असलेले. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा मोजतात. दीनानाथ दलालांनी तर चित्रकार असून स्वतःचा ‘दीपावली’ काढला. त्यांच्या मुखपृष्ठासाठी अंक घेणारी घरं होती, आमच्याकडे अण्णांनी ती मुखपृष्ठं कापून पत्र्याच्या पेटीत ठेवलेली होती. आजच्या दोन अंकांपैकी एकात अनुक्रमणिकेखाली माझं नाव आहे. दुसऱ्यात लेखक आहेत, जाहिरातदारांचे आभार आहेत, अक्षरजुळणी आहे. मी नाही. फोन करणार होते, पण पाडव्याच्या तोंडावर कुणाशी वाजवायचं?

४ नोव्हेंबर, सोमवार

रात्री नऊला सांगलीकडून फोन. “तुम्ही अण्णा पेंटरची मुलगी न्हवं?” एक अपक्ष उमेदवार. त्यांच्या वडलांसाठी अण्णांनी पंचायत समितीच्या निवडणुकीत भिंती रंगवल्या होत्या म्हणे. आज अर्ज मागे घ्यायची मुदत संपली आणि चिन्हं वाटली गेली. त्यांना मिळालंय शिवणयंत्र.

“ताई, आयोगाचं चित्र हाय, पण ते लई बारकं. पत्रकावर असं मशीन काढा की म्हातारीला चष्म्याशिवाय वळकलं पाहिजे.”

पक्ष का नाही, विचारलं. दोन पक्षांकडे तिकीट मागितलं होतं, दोन्हीकडे नाही म्हणाले. मग जूनमध्ये सांगलीने काय केलं ते आठवलं. लोकसभेला विशाल पाटील काँग्रेसच्या तिकिटाविना अपक्ष उभे राहिले, ‘लिफाफा’ चिन्हावर, आणि लाखभर मतांनी निवडून आले. त्या लिफाफ्याने जिल्ह्यातल्या किती जणांना झोप लागू दिली नसेल.

पण ते वसंतदादांचे नातू. “माझं आजोबा गवंडी हुतं,” उमेदवार स्वतःच म्हणाले.

तीन हजार सांगितले. लगेच हो म्हणाले, तेव्हा वाटलं दोनच सांगायला हवे होते.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज खोलीवर गेलेच नाही. आईच्या मशीनसमोर जमिनीवर बसून दिवसभर मशीन काढत होते.

आयोगाच्या यादीतलं शिवणयंत्र समोर ठेवलं. नुसती काळी रेघ, दोन बोटांत मावेल एवढं. ही चिन्हं मुळात काढली एम. एस. सेठी नावाच्या आरेखकाने. १९५० साली निवडणूक आयोगात लागले, १९९२ साली निवृत्त झाले. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे १८ टक्के लोक साक्षर होते. तेव्हा एका मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धतच नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. म्हणजे अक्षरओळख नसलेल्या माणसाला जे चित्र एका नजरेत कळेल, तेच हवं. शिट्टी, कपाट, कपबशी, कढई, नारळ, शिवणयंत्र. घरातल्या वस्तू. पेन्सिलने काढलेल्या त्या चित्रांसमोर कोट्यवधी लोकांनी बोट टेकवलं, आणि एकाही चित्राखाली सही नाही.

काढायला बसल्यावर कळलं की शिवणयंत्र किती अवघड आहे. चाक, मान, सुई ही तीन ठिकाणं मिळून मशीन होतं. मान लांब झाली की ते नळासारखं दिसतं. चाक मोठं झालं की उसाचा चरक. आईच्या मशीनची मान मधे जराशी खोलगट आहे, काळ्या रंगावरची सोनेरी वेल तिथे पुसली गेलीय. तिचा डावा हात पंचवीस वर्षं तिथे टेकायचा. १९९० नंतर अण्णांची कामं आटली तेव्हा घर या मशीनवर चाललं. परकर, पिशव्या, शाळेचे गणवेश.

आई वरून बघत होती. “सुई वर ठेवलीयस. काम चालू असलं की सुई खाली असते.”

“अगं, वर असली की ओळखू येते.”

“मग ते बंद पडलेलं मशीन झालं.”

सुई खाली केली. चित्र एकदम उभं राहिलं. आयोगाच्या चित्रात ती कशी आहे ते मुद्दाम पुन्हा पाहिलं नाही.

संध्याकाळी आईने अण्णांचा पंजा आठवला. १९७७ला गाय-वासरू आणि नांगरधारी शेतकरी, दोन्ही त्यांनी सांगलीभर रंगवले, सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. १९७८ला इंदिरा काँग्रेसला हाताचा पंजा मिळाला तेव्हा नमुना म्हणून स्वतःचा डावा हात भिंतीसमोर धरायचे आणि उजव्याने रंगवायचे. “म्हणून सगळे पंजे त्यांच्यासारखे जाडजूड,” आई म्हणाली. मत कुणाला दिलं ते त्यांनी तिलाही कधी सांगितलं नाही. पण भिंत कुणाचीही असो, खालच्या कोपऱ्यात सही असायची. विरोधी पक्षाचे लोकही ती सही बघूनच कामाला बोलवायचे.

१० नोव्हेंबर, रविवार

पत्रक छापून आलं, फोटो पाठवलाय. मशीन झकास. तळाशी बारीक अक्षरांत मुद्रकाचं नाव-पत्ता, प्रकाशकाचं नाव-पत्ता, प्रतींची संख्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ क नुसार ती नावं-पत्ते छापावेच लागतात, म्हणजे मजकुराची जबाबदारी कुणाची ते कळतं. चित्रकाराचं नाव कायद्याला नको आहे. उमेदवारांनी विचारलं होतं, “तुमचं नाव घालू का, ताई?” मी घाईने “नको, नको” म्हणाले. का म्हणाले?

दुपारी लक्ष्मी रस्त्यावर प्रचाराचा टेम्पो आडवा आला. चहूबाजूंनी पडदे आणि त्यावर माझी घोषणा, सहा फुटी. शिरोरेषेची फाट बरोबर शेवटच्या अक्षरावर. आधी छाती भरून आली, मग मजकूर वाचला, मग पलीकडच्या फुटपाथवर गेले. ओळखीचं कुणी बघितलं असतं तरी काय कळणार होतं? खाली नाव कुठे होतं?

या निवडणुकीत चित्रांचंच भांडण जास्त आहे. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी. मतदानयंत्रावरची मशाल आइस्क्रीमच्या कोनासारखी दिसते अशी कुरबुर झाली, म्हणून यंदा ती नव्याने काढून घेतली. लोकसभेला साताऱ्यात तुतारी वाजवणाऱ्या माणसाचा उमेदवार ३२ हजारांवर मतांनी पडला, आणि त्याच यंत्रावरच्या नुसत्या पिपाणीला ३७ हजारांवर मतं. आता तो माणूस यंत्रावर ठळक करायला आयोगाने मान्यता दिलीय. घड्याळवाल्यांना जाहिरातीत ‘चिन्हाचं प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ अशी टीप छापायला सर्वोच्च न्यायालयाने लावलंय. रेघ थोडी इकडची तिकडे झाली की माणूस पडतो, हे आमच्या धंद्याबाहेर कुणी मान्य केलेलं पहिल्यांदाच बघतेय.

आणि महिनाभरापूर्वी अभिजात झालेल्या भाषेच्या राज्यात सगळ्यांत गाजलेल्या घोषणा हिंदीत आहेत.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सव्वासातला आईला रिक्षाने घेऊन केंद्रावर. रांग लहान होती. आई आत जाऊन बराच वेळ बाहेर येईना. मग आली ती कुरकुरत. “मशीन नव्हतंच गं. दोनदा वरून खाली बघितलं.”

“आई, ते सांगलीकडे. आपल्या इथे कसं असेल?”

“मग आधी सांगायचंस. मी तेच शोधत होते.”

कुणाचं बटण दाबलं ते सांगितलं नाही. अण्णांचं वळण.

मी आत गेले तेव्हा यंत्रावरचे क्रम वाचले. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार वर्णानुक्रमे, मग नोंदणीकृत पक्षांचे, आणि तळाला अपक्ष. त्यांच्यातही पुन्हा अ, आ, इ. अपक्षाचं चित्र शोधायला माणसाला वाकावं लागतं.

अपक्ष म्हणजे स्वतंत्र, असं मी आजवर धरून चालले होते. स्वतःला त्यातच मोजत होते. पण त्यांना चित्र आयोगाच्या उरलेल्या यादीतून मिळतं, आणि मला काम उरलेल्या कामांतून.

२३ नोव्हेंबर, शनिवार

भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. दुपारी बारापर्यंत सगळं संपलं होतं. मतदान सुमारे ६६ टक्के, म्हणजे पाच वर्षांपूर्वीपेक्षा चांगलंच जास्त. मित्रमंडळींच्या गटावर एकाने यंत्रावर संशय घेतला, दुसऱ्याने लाडक्या बहिणींवर. मी मावशींना आठवून गप्प राहिले. त्या सुट्टीवर होत्या. त्यांनी कुणाला मत दिलं ते मला माहीत नाही, आणि आमच्या गटातल्या कुणालाही कुठलीही मावशी काय विचार करते ते माहीत नाही, एवढं मात्र आज नक्की कळलं.

दोन हजारांवर अपक्ष उभे होते. निवडून आले दोन, जुन्नर आणि चंदगड. आमच्या शिवणयंत्राला हजाराच्या आत मतं. एक षष्ठांश मतं पडली नाहीत की अनामत जप्त, दहा हजार रुपये. रात्री त्यांचा फोन आला. मला वाटलं हिशोबाचं बोलतील, पण पैसे त्यांनी कधीच पाठवले होते.

“ताई, मशीन झ्याक झालं हुतं. बाया वळकायच्या. म्हणायच्या, हे चालू मशीन हाय, सुई खाली हाय.”

आईला सांगितलं. तिने फक्त मान हलवली.

माझ्या तीन घोषणा जिंकल्या की हरल्या, ते इथेही लिहीत नाही. करारावर सही आहे. पण खरं म्हणजे करार नसता तरी लिहिलं नसतं. अण्णा सकाळी वासरू आणि संध्याकाळी नांगर रंगवून दोन्हीखाली नाव घालत होते, कारण सांगलीला त्यांचा धंदा माहीत होता. लपवायचं असं त्यांच्याकडे काही नव्हतं. मी मात्र साठ हजारांत अक्षरं विकली आणि वर नाव नसल्याचे पैसे घेतले. दहा वर्षं राजकीय काम न घेण्याचा नियम पाळला. तो नियमच चुकीचा होता की काय? काम कुणाचं हे बघण्याआधी कोपऱ्यात नाव घालवेल का, हे बघायला हवं होतं. शिवणयंत्राखाली घालता आलं असतं. तिथे विचारूनसुद्धा मी नको म्हणाले, हे जास्त लागलं.

५ डिसेंबर, गुरुवार

आझाद मैदानावर शपथविधी, फडणवीस, शिंदे, अजित पवार. गॅलरीच्या खिडक्या बसल्या. सुताराने ठोकाठोक करताना टीव्ही लावून ठेवायला सांगितलं आणि शपथ मराठीत आहे म्हणून दोन मिनिटं हातोडी थांबवली.

संस्थेचे उरलेले पैसे आले, १० टक्के टीडीएस कापून. जोडून एक चिठ्ठी, महापालिकांच्या निवडणुका होतील तेव्हा पुन्हा भेटू. त्यांना कळवलं, भेटू, पण नाव घालून. अजून उत्तर नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनाही आज फोन केला. पाडवा होऊन महिना लोटला होता, तरी वाजवलंच. ते ओशाळले. पुढच्या वर्षी नक्की, म्हणाले. बालकथावाल्यांना सांगितलं, नाव मुखपृष्ठाच्या आत घाला, ‘शीर्षक सुलेखन’ एवढंच लिहा. चित्राखाली काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पलीकडे बराच वेळ शांतता.

२९ डिसेंबर, रविवार

खोली रिकामी झाली. तेवीस वर्षांचं सामान एका छोट्या टेम्पोत मावलं, त्यातही अर्धे कागद. भिंतीवर टेबलाच्या उंचीची काळपट रेघ राहिली, माझ्या कोपराची. पुढच्या महिन्यात ती भिंतही नसेल.

पाटी उतरवायला सुतार आले होते. गॅलरीतली भिंत पाच फुटांची, पाटी साडेआठ. त्यांनी पाटी जमिनीवर आडवी ठेवली, पट्टी लावली आणि म्हणाले, “ताई, सोपं आहे. पहिले दोन शब्द ठेवू. अक्षरं मोकळी आहेत, छान दिसतील. शेवटचं जरा दाटलंय, रंगवणाऱ्याचा अंदाज चुकलाय. ते कापू.”

बरोबर बोलत होते. मुखपृष्ठांची कामंही आता एवढी येत नाहीत.

मी पेन्सिल घेतली आणि ‘बोधचित्रे’च्या पुढे, स्वल्पविरामाच्या आणि ‘मु’च्या मधे उभी रेघ मारली.

“उजवीकडचं ठेवायचं,” म्हटलं. “जपून कापा. कोपऱ्यात खाली नाव आहे.”